खुर्चीला टांगलेली वही

सोमवार, २ मार्च

साहेबांनी आज स्वतः नकाशाखोलीत येऊन दार लोटून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं. चांगली बातमी असली की साहेब आम्हाला वर बोलावतात. वाईट असली की स्वतः खाली उतरतात. पाणीपुरवठा कार्यालयात काटकसर सुरू आहे आणि नकाशाखोलीतलं एक पद जाणार आहे.

नकाशाखोलीत पदं आहेतच मुळी दोन. एक माझं, सत्तावीस वर्षं जुनं. दुसरं कारकूनबाईंचं, अकरा वर्षांचं. शहराच्या पोटात कुठून कुठली जलवाहिनी गेली आहे आणि पाणी बंद करायचे व्हॉल्व्ह कुठे पुरले आहेत, हे एकवीस नकाशांवर आहे. ते नकाशे माझ्या ताब्यात. बाईंकडे आवक-जावक, अर्ज आणि डिंक.

"कुणाचं पद ठेवायचं ते तुम्हीच सुचवा," साहेब म्हणाले. "मला कुणाचे शिव्याशाप नकोत." बाई म्हणाल्या, "जे व्हायचं ते होईल," आणि पुन्हा चिठ्ठ्या चिकटवायला लागल्या. माणसाला स्वतःच्या किमतीची जाणीव नसली की तो असा शांत राहू शकतो. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

हिला संध्याकाळी सांगितलं. ही प्रसूतिगृहात सिस्टर आहे. तिला दिवसभर रडणं ऐकायची सवय आहे, त्यामुळे माझं बोलणं ती शांतपणे ऐकते. सगळं ऐकून म्हणाली, "बाईंची मुलं अजून शाळेत आहेत ना?" मी सांगतो काय आणि ही बोलते काय.

बुधवार, ४ मार्च

सुचलं. दाढी करताना सुचलं, त्यामुळे हनुवटी कापली.

माणूस असतो तेव्हा त्याची किंमत कळत नाही, तो नसला की कळते. शोकसभेत प्रत्येक वक्ता हेच सांगतो. मग हे कळायला मरायची वाट कशाला पाहायची? प्रत्येकाने एक आठवडा सक्तीची रजा घ्यावी. त्याच्या रिकाम्या खुर्चीला एक वही टांगावी. त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं की वहीत नोंद करावी. रकाने चार: अनुक्रमांक, अडचण, किती वेळ अडलं, कुणी सोडवली. ज्याचं पान जास्त भरेल तो माणूस मोलाचा. ज्याचं कोरं राहील त्याने निमूटपणे जावं. ना वशिला, ना चहाड्या.

नियम पाच आहेत. पाचवा सर्वांत महत्त्वाचा: रजेवरच्या माणसाने कार्यालयाशी कोणताही संपर्क ठेवायचा नाही, फोनसुद्धा घ्यायचा नाही. नाहीतर कसोटीला अर्थ काय?

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे तुम्हाला सुचलं?" मी मान खाली घालून हो म्हटलं. वरिष्ठांच्या कौतुकापुढे नम्र असावं.

घरी हिने मात्र नाक मुरडलं. "म्हणजे ज्याच्यावाचून जास्त अडेल तो मोठा?"

"अर्थात."

"आमच्याकडे एखादी सिस्टर सुटीवर गेली आणि वॉर्ड बंद पडला, तर परत आल्यावर तिला बोलणी खावी लागतात. कामाची नीट सोय लावून गेली नाही म्हणून."

दवाखान्याचं वेगळं असतं, हे मी तिला समजावून सांगितलं.

शनिवार, ७ मार्च

पहिली रजा बाईंची. ज्येष्ठांनी मागून जावं, असं मीच सुचवलं. त्यांना तयारीला फार वेळ मिळू नये हाही एक हेतू होता. तो इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.

पण बाईंची तयारी पाहून मला हसूच आवरेना. तीन दिवस त्या स्वतःच्या मुळावर घाव घालत होत्या. कोणता अर्ज कुठे जातो, कुठला शिक्का कोणत्या खणात आहे, कोणाचा फोन आला तर काय सांगायचं, सगळं एका मोठ्या पाकिटात लिहून ठेवलं. वरच्या शिपायाला दोन दिवस शेजारी बसवून टपाल शिकवलं. जाताना म्हणाल्या, "भाऊसाहेब, काही अडायला नको म्हणून केलंय." मी म्हटलं, उत्तम केलंत.

ही त्यांची जुनी खोड आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या नकाशांच्या प्रती काढून एक संच वर ठेवूया म्हणून टुमणं लावलं होतं. मी परवानगी दिली नाही. ज्याला त्याला नकाशे मिळायला लागले, तर नकाशाखोलीत यायचं कुणी आणि माझ्यापुढे उभं राहायचं कुणी?

शनिवार, १४ मार्च

बाईंचं पान कोरं. सहा दिवसांत एक अक्षर नाही.

गुरुवारी तिसरं कपाट उघडेना. मी आनंदाने वही हातात घेतली. पण पाकिटात कागद निघाला: "तिसरं कपाट अडलं तर खालच्या कोपऱ्यात पायाने हलकी लाथ मारावी." मारली. उघडलं. वही परत टांगावी लागली.

अकरा वर्षं नोकरी केली आणि सहा दिवस नसल्या तर कुणाला पत्ताही लागला नाही. मला त्यांची खरोखर दया आली. हे मी हिला सांगितलं, तेव्हा ही म्हणाली, "तुम्हाला पाकीट वाचताना काहीच वाटलं नाही?" मला वाटलं की त्यांचं अक्षर छान आहे.

रविवार, १५ मार्च

उद्यापासून माझी रजा. थोडी धाकधूक आहे. समजा, या सहा दिवसांत कुणाला नकाशा लागलाच नाही तर? नळ काही माझ्या सोयीने फुटत नाहीत. सत्तावीस वर्षांची सेवा आणि वहीत एखादी फुटकळ नोंद, ही काही न्याय्य गोष्ट नाही.

काल निघताना नकाशा क्रमांक चौदा घरी आणला. त्याच्या कडा फाटल्या आहेत, रजेत बसून डिंकाने चिकटवाव्यात असा विचार आहे. चौदा नंबरवर पूर्वेकडच्या भागाचा मुख्य व्हॉल्व्ह आहे. हा योगायोग आहे. नळकांड्यात घालून तो कपाटावर, जुन्या पिंपामागे ठेवला. घरात डिंक नाही.

सोमवार, १६ मार्च

रजेचा पहिला दिवस. ही कामाला गेली, मुलगी कॉलेजला गेली. मी फोन नियमाप्रमाणे बंद करून ठेवला. तो बंदच आहे ना, हे चार वेळा चालू करून पाहिलं.

बुधवार, १८ मार्च

फुटली!

पूर्वेकडची मोठी जलवाहिनी सकाळी सहाला फुटली. रस्त्यात गुडघाभर पाणी आणि नळाला थेंब नाही. आमची गल्लीही पूर्वेलाच आहे, त्यामुळे आमचाही नळ कोरडा. दोन बादल्या खालून वर आणताना कंबर धरली, पण मन हलकं होतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय दुरुस्ती नाही आणि तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे चौदा नंबरशिवाय कळणार नाही. रस्ता तीनदा रुंद झालाय, वर डांबराचे थर चढलेत.

फिरायला म्हणून तिकडे जाऊन आलो. लांब उभा राहिलो, म्हणजे संपर्क ठेवला असं व्हायला नको. व्हॉल्व्ह उघडझाप करणारे आमचे मामा आठवणीवर खोदत होते. त्यांची आठवण चांगली आहे, पण ती रस्ता रुंद व्हायच्या आधीची आहे. संध्याकाळपर्यंत दोन खड्डे झाले, दोन्ही कोरडे.

ही उशिरा आली. प्रसूतिगृहाची टाकी दुपारीच संपली म्हणाली. "तुमच्या ऑफिसात कुणाला काही ठाऊक आहे की नाही?" मी म्हटलं, "ज्याला ठाऊक आहे तो रजेवर आहे." मला वाटलं होतं ती हसेल.

गुरुवार, १९ मार्च

आज सकाळी बाई दारात उभ्या. चपला चिखलाने भरलेल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"भाऊसाहेब, मला ठाऊक आहे नियम आहे. पण चौदा नंबर खणात नाही. सगळे खण पाहिले. तुमच्या लक्षात आहे का कुठे ठेवलाय?"

मी काय करायला हवं होतं? माझी खुर्ची आणि त्यांची खुर्ची, यांतली एकच राहणार आहे, आणि ऐन कसोटीच्या मध्यात समोरची व्यक्ती उत्तर विचारायला दारात येते. "बाई," मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. सोमवारी येतोच आहे."

"सोमवारी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "व्हॉल्व्ह रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, एवढं तरी सांगा. वहीत तुमच्याच नावावर लिहीन."

हे ऐकून मी क्षणभर डगमगलो, खोटं कशाला लिहू. पण बाजू सांगितली की व्हॉल्व्ह तासाभरात सापडणार. मग 'किती वेळ अडलं' या रकान्यात काय उरणार? मी आठवत नाही म्हटलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाल्या आणि गेल्या. त्या जिन्यावरून उतरेपर्यंत मी दार लावलं नाही. एवढं सौजन्य मी पाळतो.

सत्तावीस वर्षांत माझ्यासाठी कुणी असं धावत आलं नव्हतं. आज दिवसभर छाती भरून येत होती.

शुक्रवार, २० मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

खाली पाण्याचा टँकर आला होता. हिला जुनं पिंप हवं होतं, म्हणून ती स्टुलावर चढली. मी स्टूल धरून उभा होतो. मी काढतो, असं मी दोनदा म्हटलं होतं.

"हे काय आहे?" नळकांडं हातात घेऊन तिने विचारलं.

"नकाशा."

"कुठला?"

"चौदा नंबर. कडा फाटल्यात. डिंक आणायचा राहिलाय."

ती स्टुलावरच उभी राहिली. मग वरूनच म्हणाली, "काल आम्ही नऊ बाळं नुसती पुसली. पाण्याच्या बाटल्या फोडून. दोन बायकांची ऑपरेशनं ठरली होती, त्यांना गाडीत घालून दुसरीकडे पाठवलं. एकीला वाटेत फार त्रास झाला. सुखरूप बाळंत झाली, पण आमचा जीव टांगणीला लागला होता."

"मला काय कल्पना?"

"तुम्हाला होती. मी बुधवारीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं, हे खरं आहे. या वहीतच आहे.

स्टुलावरून उतरताना ती नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवते. आज भिंतीचा आधार घेतला. कामाच्या पांढऱ्या कपड्यांतच होती, नळकांडं काखोटीला मारून तशीच निघाली. जिन्यावर मी तिला नियम पाचची आठवण करून दिली. पण नीट पाहिलं तर रजेवरच्या माणसाने संपर्क ठेवायचा नाही, एवढंच त्यात आहे. त्याच्या बायकोबद्दल काहीच नाही. मसुदा करताना ही त्रुटी राहिली, ती माझीच.

व्हॉल्व्ह न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीखाली निघाला. चारच्या सुमारास स्वयंपाकघरातला नळ दोनदा खोकला आणि पाणी आलं. मी एकटाच होतो. नळ बंद करायला उठलो नाही, बराच वेळ वाहू दिला.

शनिवार, २१ मार्च

ही आज बहिणीकडे गेली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणाली. माझ्या आठवणीप्रमाणे ते मागच्या वर्षीच झालं होतं. दुसरा डोळा असेल.

सिस्टरला एवढी रजा कशी मिळाली, असं विचारलं. "साठलेली आहे. कधी घेतलीच नव्हती," म्हणाली. कधी परत येणार ते सांगितलं नाही. जाताना मुलीला जवळ घेतलं, मला फक्त दुधाच्या पिशव्या कुठे ठेवायच्या ते सांगितलं.

मी तशीच एक वही आणून स्वयंपाकघराच्या दाराला टांगली आहे. चार रकाने आखले. हिची किंमत मला ठाऊकच आहे, पण नोंद असलेली बरी. परत आल्यावर भरलेलं पान दाखवलं की तिलाही बरं वाटेल.

सोमवार, २३ मार्च

निकाल लागला. मी जिंकलो.

माझ्या पानावर एकतीस नोंदी. पान पुरलं नाही, मागच्या पानावर गेल्या. साहेबांनी बाईंच्या आणि माझ्या देखत सगळ्या वाचून दाखवल्या. तेविसावी होती: "नकाशा क्र. १४ सापडत नाही. अडीच दिवस. भाऊसाहेबांच्या पत्नींनी आणून दिला." अक्षर बाईंचं होतं. कुठून आणून दिला, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. साहेब त्या नोंदीपाशी थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुम्ही नसलात की काय होतं ते सगळ्या शहराने पाहिलं. तुम्हाला इथून हलवता येणार नाही." मी आभार मानले.

बाईंचं पद नियमाप्रमाणे रद्द. त्यांना मुख्य कार्यालयात नेताहेत. नव्या माणसांना काम शिकवायचा विभाग काढलाय, त्याच्या त्या प्रमुख. "ज्यांच्यावाचून अडत नाही, त्यांना कुठेही पाठवता येतं," साहेब म्हणाले. बरोबरच आहे. माझ्यासारख्याला असं कुठेही पाठवता येणार नाही.

मात्र जाण्यापूर्वी बाईंनी एकवीस नकाशांच्या प्रती काढायच्या, एक संच साहेबांकडे, एक मामांकडे. याबाबत मला विचारलं गेलं नाही. दुपारपर्यंत चौदा नंबरची प्रत झालीसुद्धा. आधी बाईंनी त्याच्या फाटक्या कडा चिकटवल्या. डिंक त्यांच्या खणात होता.

मी त्यांना म्हटलं, "बाई, मनात काही ठेवू नका." त्या म्हणाल्या, "नाही भाऊसाहेब. तुमच्या बाईसाहेबांना नमस्कार सांगा. त्या दिवशी त्या चिखलात उभ्या राहून मामांना नकाशा धरून दाखवत होत्या." मला हे ठाऊक नव्हतं.

बुधवार, २५ मार्च

घरच्या वहीत नोंद नाही.

हिने जाण्यापूर्वी सगळं लावून ठेवलंय. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत. फ्रिजच्या दारावर कागद आहे: कुठल्या वारी काय, इस्त्रीवाला कधी, माझ्या गोळ्या कोणत्या वेळी. मुलगी स्वयंपाक करते, आणि चांगला करते. तिने हे कधी शिकून घेतलं याचा मला पत्ता नाही. मी तिला म्हटलं, "तुझ्या आईने एक तरी गोष्ट अडायला ठेवायला हवी होती."

ती म्हणाली, "बाबा, तुमच्या खोलीचं दार अडकतं म्हणून आपल्याला रोज त्याची आठवण होते. पण ते चांगलं दार आहे का?"

ती बापाशी अलीकडे असं बोलते. दाराला मी तेल घातलं. आता ते अडकत नाही. दिवसभरात त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

शुक्रवार, २७ मार्च

नकाशाखोलीत आता मी एकटा. आज कुणीही आलं नाही. मामांना रस्त्यात विचारलं, पश्चिमेकडे गळती होती म्हणे, मग नकाशा घ्यायला आला नाहीत? म्हणाले, "आता आपल्याकडं हाय की." पिशवीतून काढून दाखवला. प्लास्टिकमध्ये घातलेला, कोपऱ्यात बाईंच्या छान अक्षरात क्रमांक.

पद माझं आहे, खुर्ची माझी आहे, एकतीस नोंदी माझ्या आहेत. तरी आज चार वाजेपर्यंत मी तीनदा खण पुसले.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. इतकी वर्षं जे काही घडलं ते मी आधी हिला सांगितलं आणि मग इथे लिहिलं. ती ऐकताना जिथे गप्प बसायची तिथे मी लिहिताना जरा बदल करायचो. जिंकल्याची बातमी पहिल्यांदाच थेट इथे लिहिली. खरं सांगायचं तर मजा आली नाही. मुलीला सांगून पाहिली. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "अभिनंदन, बाबा."

रविवार, २९ मार्च

सकाळी हिचा फोन आला. मी पहिल्याच घंटीला घेतला, कुठलाही नियम नव्हता.

"सगळं ठीक?"

"ठीक. डोळा कसा आहे?"

"कुणाचा?" ती म्हणाली. मग म्हणाली, "हं. बरा आहे." थोडं थांबून, "पोरगी जेवते ना वेळेवर?"

"जेवते."

"गोळ्या?"

"घेतो. कागदावर आहेत."

"पाणी येतंय?"

"येतंय."

माझ्या मनात बरंच होतं. बाईंचा नमस्कार सांगायचा होता. त्या गुरुवारी बाई दारात आल्या होत्या आणि मी आठवत नाही म्हणालो होतो, ते आठवत होतं, हेही सांगायचं होतं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, इथे लिहिलंय तेवढंच.

"तुमचं काही अडलंय का?" तिने विचारलं.

वही समोर दाराला लटकत होती. आठ दिवस झाले आणि पान कोरं. सत्तावीस वर्षं मी नोंदी सांभाळल्या आहेत. नोंदीत नाही ते मी तोंडाने कसं सांगणार?

"नाही," मी म्हटलं. "काहीच अडलं नाही."

"मग राहते अजून," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुपार झाली. वही काढून टेबलावर घेतली आहे. अनुक्रमांक एक लिहिला. अडचणीच्या रकान्यात काय लिहावं हे तासभर बसून सुचलेलं नाही. 'किती वेळ अडलं' यात लिहिलं: अजून अडलेलंच आहे. चौथा रकाना कोरा ठेवला आहे.